मोजलेले शहर: नगररचनेतील विदेची कुळकथा

शहराची आखणी आकड्यांच्या आधारे करावी ही कल्पना संगणकाहून जवळजवळ शंभर वर्षांनी वडील आहे, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने नगररचनेत जे येत आहे त्याचे मूळ शोधू लागल्यास वाट एकोणिसाव्या शतकातील बार्सिलोनापर्यंत जाते. या शहराभोवतीचा तट १८५४ पासून पाडला जाऊ लागला, त्या वेळी आतली वस्ती कमालीची दाट झाली होती, पटकीच्या साथी पुन्हा पुन्हा येत होत्या आणि कामगारांची घरे उजेड-वाऱ्याला पारखी झाली होती. इल्देफोन्स सेर्दा या स्थापत्य अभियंत्याने तटाबाहेरच्या जमिनीचा उंचसखलपणा मोजून नकाशा केला. परंतु त्याचे खरे मोठेपण असे की १८५६ मध्ये त्याने बार्सिलोनाच्या कामगारवर्गाची सांख्यिकी पाहणी सिद्ध केली आणि मजुरी किती, घरभाडे किती, अन्नवस्त्रावर खर्च किती, याची कोष्टके मांडली. माद्रिदच्या सरकारने १८५९ मध्ये मंजूर केलेल्या त्याच्या आराखड्यातील सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस, २० मीटर रुंदीचे रस्ते आणि वाहनांना वळता यावे म्हणून तिरके छाटलेले कोपरे यांच्यामागे हवा, उजेड आणि वर्दळ यांचा असा हिशेब उभा होता. चौरसाच्या दोनच बाजू बांधाव्यात आणि मध्ये बाग राखावी हा त्याचा आग्रह मात्र जमिनीच्या किमतीपुढे टिकला नाही, आणि पुढे बहुतेक चौरस चारही बाजूंनी भरून गेले.

सेर्दाने १८६७ च्या आपल्या ग्रंथात या नव्या शास्त्रासाठी ‘नागरीकरण’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द घडवला आणि त्याचे मूळ नांगराच्या लॅटिन नावाशी जोडले, कारण रोमन लोक नगराची सीमा नांगराने आखीत. पुण्याच्या भूमीवर जिजाबाईंनी फिरवलेल्या सोन्याच्या नांगराची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, अशा मराठी वाचकांना ही व्युत्पत्ती परकी वाटू नये.

या कुळाची दुसरी शाखा भारतात रुजली. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये येथे आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आराखड्याच्या आधी पाहणी, हे त्यांचे सूत्र होते. मात्र त्यांची पाहणी पायी गल्ल्या हिंडून, विहिरी, झाडे आणि देवळे पाहून होत असे, आणि म्हणूनच सरसकट पाडापाडीऐवजी नेमकी तेवढीच काटछाट ते सुचवू शकत. या शाखेचे म्हणणे पुढच्या पिढ्यांनी पुरेसे ऐकले नाही, याची हळहळ वाटते.

संगणक आल्यावर पाहणीची जागा प्रतिमानाने घेतली. प्रतिमान म्हणजे शहरातील घरे, उद्योग आणि माणसे यांचे परस्परसंबंध समीकरणांत बसवून केलेली शहराची प्रतिकृती. बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी असे एक प्रतिमान रचले आणि १९६९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. रिकाम्या जमिनीपासून अडीचशे वर्षे वाढणारे हे शहर संगणकात चालवून पाहिल्यावर निष्कर्ष निघाला तो असा की गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराची दुर्दशा वाढते आणि जुनी वस्ती पाडून उद्योगांना जागा दिल्याने ते सावरते. निष्कर्ष धक्कादायक होता; पण त्याहून विचारात घेण्याजोगी गोष्ट ही की पाडलेल्या वस्तीतली माणसे जिथे जातील ती उपनगरे या प्रतिमानात नव्हतीच, शहराबाहेर केवळ एक अमर्याद भोवताल गृहीत धरलेला होता. समीकरणे चोख सुटत होती आणि माणसे हिशेबाबाहेर पडत होती. अशा अवाढव्य प्रतिमानांची सात पापे डग्लस ली यांनी १९७३ मध्ये एका लेखात मोजून दाखवली, त्यांत विदेची अतृप्त भूकही होती, विदा म्हणजे नोंदवलेल्या माहितीचा साठा. फॉरेस्टरांचा विचार तरीही मेला नाही. १९८९ च्या ‘सिमसिटी’ या संगणकीय खेळाच्या निर्मात्याने त्यातून प्रेरणा घेतली, आणि प्रतिमानातून शहर पाहण्याची ती दृष्टी घरोघर पोचली.

सध्याची पिढी या पूर्वजांहून एका बाबतीत वेगळी आहे. फॉरेस्टरांच्या प्रतिमानात नियम माणसाने लिहिलेले होते, त्यामुळे त्यांतली उणीव वाचून दाखवता येत असे. यंत्रशिक्षणात, म्हणजे असंख्य उदाहरणे पुरवून यंत्राकडूनच नियम घडवून घेण्याच्या पद्धतीत, नियम लाखो अंकांत विखुरलेला असतो आणि तो बोट ठेवून दाखवणे दुष्कर होते. या पद्धतीचे सामर्थ्य मोठे आहे: २०२१ मध्ये गुगलने उपग्रहचित्रांतून आफ्रिका खंडातील पन्नास कोटींहून अधिक इमारतींच्या बाह्याकृती यंत्राकरवी ओळखून खुल्या केल्या, आणि ज्या गावांचा धड नकाशाही नव्हता तेथे पाणी वा लस पोचवण्याचे नियोजन करणाऱ्यांना आधार मिळाला. परंतु छपराला छप्पर भिडलेल्या वस्तीत घर कोठे संपते आणि शेजारचे कोठे सुरू होते हे आकाशातून ओळखणे यंत्राला जड जाते, आणि जे छप्पर अचूक ओळखले गेले त्याखाली किती कुटुंबे राहतात, ती भाडे किती देतात व त्यांच्या हाती मजुरी किती पडते, हे त्या चित्रात कोठेच नसते. सेर्दाच्या १८५६ च्या कोष्टकांत मजुरी आणि भाडे या दोहोंना रकाने होते.