शनवार तेल्यांचा धर्म

घाण्याच्या बैलास वार कळत नाहीं. परंतु जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील कांहीं गांवीं असा काळ होऊन गेला कीं, शुक्रवारचा सूर्य मावळला म्हणजे ठराविक घरचे घाणे थांबत आणि शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत ते हलत नसत. शेजाऱ्यांनीं त्या घरच्या लोकांस ‘शनवार तेली’ असें नांव दिलें. ते स्वतःस बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलचीं लेंकरें, म्हणवीत.

कांहीं दिवसांपूर्वीं वऱ्हाडांत कारंज्याच्या बाजूस धनज या गांवीं या लोकांविषयीं चार शब्द सांगण्याचा प्रसंग आम्हांस आला. व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्यानें विचारिलें, “ग्रंथ हरवला तर धर्म उरतो काय?” प्रश्न साधा होता, पण आमचें तेथील उत्तर आम्हांसच अपुरें वाटलें. तें येथें पुरें करण्याचा यत्न करितों.

मोशेचीं पांच पुस्तकें, म्हणजे तोरा, हा यहुदी धर्माचा पाया होय. परंपरेनें त्यांतील आज्ञा 613 मोजिल्या आहेत. देव एक मानणें ही तर आज्ञा आहेच. परंतु काय खावें, केव्हां काम थांबवावें, मुलाची सुंता कितव्या दिवशीं करावी, याही आज्ञाच आहेत. येथें श्रद्धा देवघरांत बसत नाहीं. ती चुलीपाशीं आणि बाजारांत वावरते. कारंज्याच्या बाजूस सूर्यास्तापूर्वीं जेवण आटोपणारीं जैन कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें निराळें समजावून द्यावयास नको.

बेने इस्रायलांची दंतकथा अशी कीं, अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं आणि पोथ्या समुद्रांत गेल्या. ही कथा इतिहासाच्या कसोटीस किती उतरते हा प्रश्न निराळा. तींतील पोथ्यांची गोष्ट मात्र अर्थपूर्ण आहे. 1738 सालीं सार्टोरियस नांवाच्या मिशनऱ्यानें या लोकांविषयीं लिहितांना हेंच नोंदलें आहे कीं, यांजपाशीं बायबल नाहीं, ‘शमा’ ही एक प्रार्थना तेवढी यांस ठाऊक आहे. भाषा मराठी, पेहराव कोंकणी, आडनांवें किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशीं गांवांवरून पडलेलीं. आणि त्यांत शनिवारचा विसांवा, आठव्या दिवसाची सुंता व खाण्यापिण्याचे निर्बंध एवढें शिल्लक.

सणही उरले, पण नांवें कोंकणचीं झालीं. नववर्षाचा तो नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा तो दरफाळणीचा सण, जेरूसलेमच्या मंदिराच्या नाशाच्या शोकाचा तो बिरड्याचा सण. एलिया संदेष्ट्याच्या नांवें पोहे, नारळ, गूळ व फळें यांचा मलिदा होऊं लागला. दाऊद रहाबी या यहुदी गृहस्थाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. त्यानें बायकांपुढें मासे ठेविले. त्यांनीं खवले व पर असलेले तेवढे शिजवावयास घेतले आणि बाकीचे बाजूस सारिले. रहाबीची ओळख पटली. त्याचा काळ कोणता याविषयीं पंडितांत मतभेद आहे. परंतु ग्रंथाची आज्ञा ग्रंथावांचून स्त्रियांच्या हातांत राहिली होती, हें मर्म त्या गोष्टीनें अचूक धरिलें आहे.

येथें एक कबुली दिली पाहिजे. हातांत राहतें तें सारेंच ग्रंथांतलें नसतें. शेजारच्या हिंदूंप्रमाणें हेही लोक गोमांस वर्ज्य करीत आणि विधवाविवाहास नाक मुरडीत. तोऱ्यांत या दोहोंसही आधार नाहीं. आचार आपलें तें राखतो तसें शेजाऱ्याचेंही उचलतो, आणि दोन्हींस ‘घरची रीत’ हें एकच नांव देतो.

ग्रंथ परत आला तो दोन वाटांनीं. शामजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल दिवेकर हे कंपनीच्या पलटणींतील अंमलदार. टिपूच्या कैदेंतून सुटल्यावर त्यांनीं 1796 सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. पुढें कोचीनचे यहुदी शिक्षक येऊन उपासनेचा पाठ शिकवूं लागले. दुसरी वाट मिशनऱ्यांची. अमेरिकन मिशन 1813 त मुंबईस आलें. स्कॉटलंडचे जॉन विल्सन 1829 त. विल्सन यांनीं 1832 सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापिलें. हेतु उघड होता: हिब्रू शास्त्र वाचून या लोकांनीं येशू हाच मसीहा असें मानावें.

बेने इस्रायलांनीं मिशनच्या शाळांत मुलें घातलीं, हिब्रू घेतली, बायबल घेतलें. धर्मांतर मात्र फारच थोड्यांनीं केलें. यांत कृतघ्नता नव्हती. येशूचे पहिले अनुयायी स्वतः यहुदी होते, व ते नियमशास्त्र पाळीत. इसवी सन 50 च्या सुमारास जेरूसलेमच्या सभेनें सुंतेची सक्ति काढिली ती परजातीयांपुरती. येशूस मसीहा मानून तोराही पाळावा असें म्हणणारा पंथ आजही जगांत आहे. परंतु कोंकणच्या तेल्यापुढें प्रश्न वादाचा नव्हता. ‘आतां शनिवार कसा पाळूं, आणि कोणाबरोबर?’ हा त्याचा प्रश्न; आणि व्याकरणाच्या पुस्तकांत त्याचें उत्तर नव्हतें.

पुढें त्यांनीं ग्रंथासही मराठी केलें. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं प्रार्थना मराठींत उतरविल्या. 1874 त पुण्यास वल्हांडणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह निघाली. आणि अब्राहाम-योसेफांच्या कथा कीर्तनांत रंगूं लागल्या.

1948 नंतर बहुतेक लोक इस्रायलास गेले. जेथें हा आचार सर्वांचा, तेथेंच 1960 नंतरच्या प्रारंभींच्या वर्षांत धर्माधिकाऱ्यांनीं विवाहसमयीं त्यांच्या वंशाची चौकशी मांडिली. रहाबीस माशांची टोपली पुरली होती. येथें कागद हवे झाले. आंदोलन झालें, आणि 1964 सालीं इस्रायलच्या संसदेनें हे सर्वार्थानें यहुदीच होत असें जाहीर केलें.

धनजच्या त्या वृद्धास आतां आम्ही असें सांगूं: बाबा, ग्रंथ हरवला तरी धर्म उरतो, मात्र तो थोडा अंधारांत चांचपडतो. उलट ग्रंथ हातीं असून कोणी घाणा थांबवीत नसेल, तर मग उरतो तो केवळ ग्रंथ.