फतव्याचा टपाली प्रवास

काझीचा निवाडा पाळावाच लागतो. मुफ्तीचा फतवा मात्र विचारलेल्या प्रश्नाचे जाणकाराने दिलेले उत्तर असते. ते मानायचे की दुसऱ्या मुफ्तीकडे जायचे, हे विचारणाऱ्याच्या हाती. शतकानुशतके हा व्यवहार गावच्या ओळखीवर चालला. पुढे उस्मानी दरबाराने शेख-उल-इस्लामचे, म्हणजे राज्याच्या मुख्य मुफ्तीचे, पद वाढवले आणि मुफ्ती सरकारी उतरंडीत बसला.

१८९९ साली इजिप्तचे मुख्य मुफ्ती झालेले मुहम्मद अब्दुह हे असेच सरकारी मुफ्ती. पण इजिप्तमधल्या उराबी उठावानंतर हद्दपारी भोगलेला हा विद्वान जुन्या ग्रंथांचे आंधळे अनुकरण मानत नव्हता. १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधून त्यांच्याकडे तीन प्रश्न आले. युरोपीय टोपी घालावी का? तिथल्या ख्रिस्ती लोकांनी कापलेल्या जनावराचे मांस खावे का? शाफई न्यायपंथाच्या लोकांनी हनफी पंथाच्या इमामामागे नमाज पढावा का? (कोकणी मुसलमान शाफई, देशावरचे बहुतेक हनफी, तेव्हा तिसरा प्रश्न आपल्याकडेही परका नाही.) अब्दुहांनी तिन्हींना होकार दिला. कैरोत गदारोळ उठला आणि त्यांच्यावर नाराज असलेल्या खेदिवाच्या, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याच्या, गोटाला आयतेच निमित्त मिळाले.

मला या प्रकरणात प्रश्नकर्ता सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परक्या राज्यात अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या माणसाची रोजची अडचण त्याने मांडली आणि विद्वानाला ग्रंथाबाहेरच्या जगाकडे पाहावे लागले. अब्दुहांचे शिष्य रशीद रिदा यांनी हे अचूक हेरले. १८९८ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘अल-मनार’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांचे सदर निघाले आणि जावा-सुमात्रापासून पत्रे येऊ लागली. फतवा आता छापून हजारो अनोळखी वाचकांपुढे जात होता. त्याची कारणमीमांसा कुणालाही तपासता येत होती.

पण अर्थ लावण्याचा हक्क कुणाकुणाला, इथे सुधारकच अडले. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत मोडली. पुढच्याच वर्षी मन्सूराचे काझी अली अब्दुर्राझिक यांनी पुस्तक लिहून मांडले की, इस्लामने कोणतीही ठराविक राज्यपद्धत सांगितलेली नाही. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठातल्या ज्येष्ठ उलेमांनी त्यांची पदवी काढून घेतली, काझीपदही गेले. त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत रिदा आघाडीवर होते. अनुकरणाविरुद्ध हयातभर झगडलेल्या माणसाने हे करावे, याचे मला आजही वाईट वाटते. ‘अल-मनार’चे सदर पुढेही चालू राहिले, १९३५ मध्ये रिदा वारले, तोवर वाचक विचारत होते.