गावाच्या कामाला सरकारी निधी मिळवायचा तर ठरावापासून बिलापर्यंत काय करावं लागतं?

नारपोली (भिवंडी) : "आमच्या गावाला निधीच येत नाही" हे वाक्य भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतं. निधी येतो. पण तो वेगवेगळ्या खात्यांतून, वेगवेगळ्या नावाने येतो, आणि ज्या गावाचा कागद तयार असतो त्या गावाला जातो. बाकीची गावं आमदारांच्या गाडीमागे निवेदन घेऊन पळतात, हार घालतात, फोटो काढतात. फोटो ग्रुपवर येतो, रस्ता येत नाही. म्हणून हा सगळा मार्ग एकदा सविस्तर देत आहोत. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, ग्रामसभेच्या आधी उपयोगी पडेल.

आधी आपण कुठे मोडतो ते बघा

नारपोली हे नाव घेतलं की इथे गोंधळ होतो. नारपोली स्वतः भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेत आहे. तिथल्या गटाराचा नि रस्त्याचा विषय महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. पण नारपोली पोलीस ठाण्याच्या हद्दीतली काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावं ग्रामपंचायती आहेत. त्यांचा कागद जातो पंचायत समिती भिवंडी आणि जिल्हा परिषद ठाणे इथे. त्यात आणखी एक भानगड म्हणजे भिवंडी भोवतालच्या ६० गावांसाठी एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे. बांधकाम परवानगी आणि विकास आराखड्यातले मोठे रस्ते त्यांच्याकडे, पण गावातली गल्ली, गटार, नळ, स्मशान हे ग्रामपंचायतीचंच काम. "ते एमएमआरडीएकडे आहे" असं सांगून कुणी तुम्हाला दारातून परत पाठवलं, तर नेमकं काय त्यांच्याकडे आहे ते लेखी मागा.

सगळ्यात हक्काचा पैसा : वित्त आयोग

हा पैसा मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. पंधराव्या आयोगाचा काळ २०२१ ते २०२६ होता, १ एप्रिल २०२६ ते २०३१ हा सोळाव्या आयोगाचा. पंधराव्यात आपल्या राज्यात १०० रुपयांतले ८० ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. तेव्हा आलेल्या रकमेतली ६० टक्के बंधित होती, म्हणजे निम्मी पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मी स्वच्छतेवरच खर्च करायची होती. उरलेली ४० टक्के अबंधित होती, ती गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि कार्यालयीन खर्चाला नाही. बंधित पैशातून रस्ता करा असं ग्रामसभेत ओरडून उपयोग नाही. सरपंचाने मनात आणलं तरी ते बसत नाही.

वाटणी लोकसंख्येवर होते, आणि लोकसंख्या धरतात २०११ च्या जनगणनेची. आपल्या पट्ट्याचं खरं दुखणं हेच आहे. २०११ नंतर इथे गोदामांवर गोदामं उभी राहिली, चाळी वाढल्या, एकेका खोलीत चार-पाच कामगार राहतात. त्यांचं पाणी, त्यांचा कचरा, त्यांची शौचालयं हे सगळं ग्रामपंचायतीने सांभाळायचं आणि पैसा यायचा जुन्या डोक्यांवर. म्हणून गोदामाच्या गावांनी घरपट्टीकडे लक्ष दिल्याशिवाय गत्यंतर नाही. गोदामाचं क्षेत्रफळ नमुना ८ ला बरोबर लागलंय का, हा प्रश्न विचारायला कुणाला आवडत नाही, कारण गोदाम कुणाच्या तरी चुलत्याचं असतं. पण विचारायला हवा.

आणखी एक अट लक्षात ठेवा. पंधराव्या आयोगाने निवडून आलेली बॉडी असेल तरच पैसे असं ठरवलं होतं. प्रशासक बसला की हप्ता अडकतो. हिशेबाचं ऑडिट ऑनलाईन चढवलेलं नसेल तरी अडकतो.

आराखड्यात नाव नाही तर काम नाही

वर्षभरात कुठली कामं घ्यायची ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहिलेलं असतं. 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणतात ते हेच. २ ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभांत पुढच्या वर्षाचा आराखडा ठरतो आणि तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही. त्यामुळे जानेवारीत जाऊन "आमच्या आळीचं गटार घ्या" म्हणणारा माणूस तीन महिने उशिरा आलेला असतो.

आराखडा बघायला ग्रामसेवकाची (आता या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) मनधरणी करायची गरज नाही. 'मेरी पंचायत' हे ॲप घ्या किंवा ई-ग्रामस्वराजवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा. कोणतं काम, किती रुपये, किती खर्च झाले, सगळं दिसतं. आपल्या गावाचं एकदा उघडून बघाच. काही जणांना आपल्या दारासमोर झालेलं काम पहिल्यांदा तिथेच कळेल.

ग्रामसभेला कोरम लागतो एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. शंभर माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, मग तहकूब सभेत दहा-पंधरा जण सगळं ठरवून मोकळे होतात. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. पाण्याचा आणि अंगणवाडीचा विषय तिथूनच ठरावाने पुढे आणला तर तो वजनदार ठरतो.

बाकीचा पैसा कुठे आहे

जिल्हा नियोजन समितीचा निधी. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सचिव. यात जनसुविधा योजना आहे, तिच्यातून स्मशानभूमीचा चबुतरा, शेड, तिकडे जाणारा रस्ता आणि ग्रामपंचायत कार्यालयाची इमारत अशी कामं होतात. गाव मोठं असेल तर नागरी सुविधा योजना वेगळी आहे. आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. शेड नसलेल्या गावात प्रेतावर ताडपत्री धरून उभं राहावं लागतं, लाकडं पेटत नाहीत, डिझेल ओतावं लागतं. हे काम जनसुविधेतून होतं हे माहीत नसल्यामुळे अनेक गावं वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करत बसतात.

लेखाशीर्ष २५१५ हे ग्रामविकास विभागाचं. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं यातून होतात, मंत्रालयातून यादीच निघते. ३०५४ आणि ५०५४ ही रस्त्यांची. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, त्यातला किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीवर खर्च करावा लागतो. आमदारांचाही स्थानिक विकास निधी असतो. दोन्हींत लोकप्रतिनिधी फक्त सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. तेव्हा नुसतं पत्र मिळालं म्हणून पेढे वाटू नका.

अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी समाजकल्याणची वस्ती विकास योजना आहे, तिचा पैसा त्या वस्तीतच लागला पाहिजे. आदिवासी पाड्यांसाठी ठक्कर बाप्पा वस्ती सुधार योजना, ती शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून. शहापूर तालुका पूर्ण, आणि भिवंडी व मुरबाडमधली काही गावं पेसा क्षेत्रात आहेत. त्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा ते पाड्याची ग्रामसभा ठरवते, सरपंच नाही.

कागद तयार करताना

इथेच खरी मेख आहे. प्रस्ताव अडतो तो पैसे नाहीत म्हणून कमी आणि कागद अपुरा म्हणून जास्त.

पहिलं कामाचं नाव. "गावात काँक्रीट रस्ता करणे" असं लिहिलं की संपलं. मौजे अमुक, ग्रामपंचायत अमुक, मारुती मंदिरापासून जिल्हा परिषद शाळेपर्यंत, असं सुरुवात-शेवट लिहून द्या. यादीत जे नाव छापून येतं तेच काम करावं लागतं. नाव चुकलं, वाडीऐवजी शेजारचं गाव पडलं, तर शुद्धीपत्रक काढायला परत मंत्रालयापर्यंत फेरी, आणि तोवर मार्च येतो. निवेदन देताना पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातल्या अभियंत्याकडून नाव आणि अंतर तपासून घ्या. रस्ता असेल तर त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक आहे का हेही विचारा. क्रमांक नसलेल्या वाटेला रस्त्याच्या लेखाशीर्षातून पैसे मिळणं अवघड.

दुसरं जागा. समाजमंदिर, अंगणवाडी, स्मशान यांची जागा ग्रामपंचायतीच्या नावावर हवी, सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा जोडावा लागतो. "आजोबांनी तोंडी दिली होती" हे गोदामाच्या भावाच्या जमिनीत आता चालत नाही. गुंठ्याचा दर वाढला की नातवाला आजोबांचा शब्द आठवत नाही. आज जो द्यायला तयार आहे त्याच्याकडून नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. जागा वनखात्याची असेल तरी वाट आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची पाइपलाइन अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. पड्याच्या रस्त्यासाठी वनपालाने हात वर केले तर हे कलम दाखवा.

तिसरं, ग्रामसभेचा ठराव (क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदकासह), अभियंत्याचं अंदाजपत्रक, जागेचा जिओटॅग फोटो, आणि हे काम दुसऱ्या योजनेतून घेतलेलं नाही असा दाखला. एकच रस्ता दोन योजनांत दाखवायची हुशारी काही ठिकाणी चालते. ती पकडली गेली की वसुली लागते आणि गावाचे पुढचे प्रस्तावही संशयाने बघतात.

प्रस्ताव दिला की पोच घ्या, आवक क्रमांक टाकून. आवक क्रमांक नसलेला कागद म्हणजे न दिलेला कागद.

मंजुरीनंतर

प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, ठरावीक रकमेवर ई-निविदा, मग कार्यारंभ आदेश. जिल्हा नियोजनचा निधी जिल्हा परिषदेला पुढच्या आर्थिक वर्षातही खर्चता येतो, त्यानंतर उरला तर सरकारजमा. जागेचा वाद, निविदेचा वाद, दोन गटांची भांडणं यात ही मुदत निघून जाते आणि परत गेलेला पैसा पुन्हा मागायला तोंड राहत नाही.

मधल्या काळात "मंजुरी आणून देतो, इतके टक्के ठेवा" म्हणणारे भेटतील. मंत्रालयातल्या ओळखी सांगतील, मोबाईलवर यादीचा फोटो दाखवतील. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. यादीत गावाचं नाव आहे की नाही ते स्वतः बघा.

काम सुरू झालं की अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. काँक्रीटची जाडी किती, लांबी-रुंदी किती, ते त्यात असतं. मोजायला टेप पुरतो. बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे अभियंत्याच्या एमबीवर, तेव्हा एमबी लिहिण्याआधी हरकत लेखी द्या. नंतर रस्ता उखडला तर दोष दायित्वाचा काळ किती आहे ते करारात बघा, तेवढ्या काळात ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं. कागद देत नसतील तर माहिती अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, कामाचं नाव आणि वर्ष टाकून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व एमबीची प्रत मागा.