स्वीट पीचा वास कुठे गेला?

नर्सरीत ‘स्वीट पी’चं पाकीट घेतलं की त्यावर मोठ्या, झालरीसारख्या पाकळ्यांची फुलं दिसतात. ‘मिश्र रंग’ एवढं लिहिलेलं असतं. वासाबद्दल बहुतेक वेळा काहीच नसतं. ज्या फुलाच्या नावातच गोडवा आहे, त्याचं हे असं का झालं, याची गोष्ट सव्वातीनशे वर्षांची आहे.

हे मूळचं सिसिली बेटावरचं रानफूल. तिथे फ्रान्सिस्को कुपानी नावाचे एक फ्रान्सिस्कन साधू होते. एका सरदाराच्या वनस्पती-बागेची देखभाल त्यांच्याकडे होती, आणि बेटावरच्या झाडाझुडपांची नोंद ठेवणं हा त्यांचा ध्यास. त्यांनी या वेलाचं वर्णन लिहून ठेवलं आणि 1699 मध्ये थोडं बी इंग्लंडमधल्या एनफील्ड गावी रॉबर्ट युव्हडेल नावाच्या शाळामास्तरांना पाठवलं. मास्तरांना परदेशी झाडं जमवायचा नाद होता. फूल लहानसंच, वरची पाकळी गर्द किरमिजी आणि बाजूच्या जांभळ्या. एका दांड्यावर जेमतेम दोन-तीन फुलं. पण वास मात्र असा, की हे फूल पुढे त्याच्याच जोरावर टिकलं.

पुढची दीडशे वर्षं फारसं काही घडलं नाही. ‘पेंटेड लेडी’ ही गुलाबी-पांढरी जात आली, अठराव्या शतकाच्या शेवटी बियाणेवाल्यांच्या यादीत चार-पाच रंग दिसू लागले, एवढंच. याचं कारण फुलाच्या रचनेत आहे. स्वीट पीची कळी उमलण्याआधीच आतल्या आत परागीकरण उरकते. मधमाशी येते तेव्हा काम झालेलं असतं. त्यामुळे बी धरलं की पुढच्या वर्षी आईसारखंच फूल. नवा रंग हवा असेल तर माणसाला कोवळी कळी उघडून, पुंकेसर चिमट्याने काढून, दुसऱ्या फुलाचे पराग लावावे लागतात.

हे चिकाटीचं काम हेन्री एकफर्ड या स्कॉटिश माळ्याने केलं. 1870 च्या सुमारास सुरुवात, आणि 1888 पासून श्रॉपशायरमधल्या वेम गावात. त्यांच्या फुलांचा आकार वाढला, रंग वाढले आणि वासही राहिला. 1900 मध्ये कुपानींच्या बियाण्याला दोनशे वर्षं झाली म्हणून लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शन भरलं. त्यात अडीचशेहून जास्त जाती होत्या आणि शंभराहून जास्त एकट्या एकफर्डच्या!

मग 1901 मध्ये ‘काउंटेस स्पेन्सर’ आली. स्पेन्सर घराण्याच्या ऑल्थॉर्प इथल्या बागेचे मुख्य माळी सायलस कोल यांना एकफर्डच्याच एका गुलाबी जातीत हे फूल सापडलं. पाकळ्या रुंद आणि चुणीदार. लोक वेडे झाले. नंतर सगळी स्पर्धा आकाराची आणि लांब दांड्याची. परीक्षक फूल बघून गुण देत, आणि जे मोजलं जात नाही ते हळूहळू निसटतं. सगळ्या स्पेन्सर जाती वासाला फिक्या आहेत असं नाही, पण पुष्कळ आहेत. मोगरा निवडताना आपण कधी फूटपट्टी लावतो का?

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी दोन पांढऱ्या स्वीट पींचा संकर केला. आई पांढरी, बाप पांढरा आणि संतती जांभळी, जवळजवळ सिसिलीतल्या मूळ फुलासारखी! दोन्ही पांढऱ्यांत रंगाचा एकेक वेगळा दुवा तुटलेला होता, एकत्र येताच साखळी जुळली. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वात आवडतो.

मूळ जांभळं फूल अजून मिळतं, ‘कुपानी’ या नावाने. ‘मातुकाना’ ही त्याच्यासारखीच, वासाची. पण एक अडचण आहे. या जुन्या जाती दिवस मोठा झाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत, आणि तोवर आपल्याकडे ऊन तापतं. थंड डोंगराळ जागी घर असेल तर नशीब आजमावावं. पुण्या-नाशिकला लवकर फुलणारी जात घ्यावी, आणि पाकिटावर ‘सुगंधी’ लिहिलंय का ते आधी बघावं.

पेरणी दिवाळीच्या आसपास. बी रात्रभर पाण्यात ठेवावं, फुगलं नाही त्याच्या सालीवर पात्याने हलकी खूण करावी. कुंडी खोल हवी, मुळं लांब जातात. चार पानं आली की शेंडा खुडावा आणि वेलाला जाळी द्यावी. फुलं रोज तोडावीत, शेंगा धरू लागल्या की वेल फुलणं थांबवतो.

आणि मुलं असलेल्या घरात हे आधी सांगून ठेवा: शेंगा वाटाण्यासारख्या दिसल्या तरी बी विषारी आहे. विदर्भातली लाखोळी याच कुळातली, तिच्या डाळीवरून काय काय झालं ते ठाऊक असेलच. पुढच्या वर्षासाठी हंगामाच्या शेवटी सगळ्यात जास्त वास येणाऱ्या वेलावरच्या दोन-तीन शेंगा वाळू द्याव्यात, आणि ती पुडी डाळ-कडधान्यांच्या डब्यांपासून लांब ठेवावी.