एकशे तेरा वर्षे हरवलेला रानपिंगळा

मराठीत घुबडाला दिवाभीत असा एक शब्द आहे. दिवसाला भितो तो दिवाभीत. आमच्या खानदेशातल्या घरासमोर चिंचेचे जुने झाड होते आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची. तिन्हीसांजेला ती कलकलाट करू लागली की आजी कडाकडा बोटे मोडायची. "हाकला रे त्याला, कुणाच्या तरी घरावर संकट आणील," म्हणायची. आम्ही पोरे तयारच असायचो. दगड भिरकावण्यात माझा नेम बरा होता, हे आज सांगताना लाज वाटते.

पुढे मी शाळामास्तर झालो, गळ्यात दुर्बीण आली आणि त्याच पिंगळ्याच्या एका भाऊबंदाने मला चांगला धडा शिकवला. त्याची गोष्ट आज सांगायची आहे. त्याचे नाव रानपिंगळा.

१८७२च्या डिसेंबरात, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या बसना परिसरात एफ. आर. ब्लूइट यांना एक लहानसे घुबड मिळाले. ते पोहोचले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. होय, तेच ह्यूम, ज्यांचे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात पाठ केले. हा गोरा अधिकारी पक्ष्यांचा मोठा जाणकार होता आणि पक्ष्यांविषयीचे ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालवीत असे. ही जात नवी असल्याचे त्याने १८७३ साली जाहीर केले आणि तिला ब्लूइटचे नाव दिले. १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आणखी एक पक्षी मिळाला. त्यानंतर आपल्या खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० ते १८८४ या काळात शहादा-तळोदा भागातून काही नमुने गोळा केले. सगळे मिळून सात. ते परदेशातल्या संग्रहालयांत गेले आणि १८८४ नंतर रानपिंगळा जणू पृथ्वीवरून पुसला गेला.

मधल्या काळात एकच नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, तापीकाठ, १९१४. म्हणजे गुजरात. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? डॉ. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी या पक्ष्याचा शोध घेतला. पण तो काही सापडला नाही. जात नामशेष झाली असावी, असेच बहुतेकांना वाटू लागले.

१९९०च्या दशकात पॅमेला रासमुसेन ही अमेरिकन संशोधिका भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या ग्रंथासाठी संग्रहालयांतले जुने नमुने तपासत होती. माइनर्ट्‌झहागेनच्या नमुन्यांत तिला घोळ दिसू लागला. इतरांनी जमवलेले पक्षी संग्रहालयातून पळवायचे, त्यांवर स्वतःची चिठ्ठी लावायची, गाव आणि तारीख मनाने लिहायची, असा त्याचा उद्योग होता. रानपिंगळाही त्यातलाच. प्रत्येक संग्राहकाची पक्ष्यात पेंढा भरण्याची स्वतःची पद्धत असते. या पक्ष्याचा पेंढा नव्याने भरलेला होता. तरी क्ष-किरण तपासणीत आणि बारकाईने पाहताना डेव्हिडसनच्या हातच्या खुणा सापडल्या. पक्षी खानदेशातला, चोरी लंडनमधली आणि पत्ता गुजरातचा! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सारे १९९९ मध्ये पुराव्यांनिशी प्रसिद्ध केले.

पण शोधाला सुरुवात त्याआधीच झाली होती. तो १९१४चा पत्ता बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे १९९७च्या नोव्हेंबरात भारतात आले आणि खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर निघाले. आधी पूर्वेकडची ठिकाणे धुंडाळली, हाती काही लागले नाही. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबरला सकाळी एका उघड्याबोडक्या झाडावर एक ठेंगणेठुसके घुबड ऊन खात बसले होते. डोक्यावर ठिपके नाहीत, पाठीवर ठिपके नाहीत. रानपिंगळाच! ११३ वर्षे हरवलेला पक्षी भर उजेडात समोर बसला होता. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली, चित्रीकरण केले आणि ही बातमी जगभर गेली.

ती वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मी ताडकन उठलो आणि जुनी टिपणवही काढली. १९८६ साली मुलांची सहल घेऊन तोरणमाळला गेलो होतो. त्या दिवशीची माझी नोंद अशी : ‘सकाळी दहा. सागाच्या शेंड्यावर पिंगळा. शेपूट हलवत होता.’ बस्स! डोक्यावर ठिपके होते की नव्हते? लिहिलेले नाही. रानपिंगळा दिवसा वावरतो, उघड्यावर बसतो, शेपटीला झटके देतो, हे आता पुस्तकात वाचतो. पण साधा पिंगळाही कधीमधी दिवसा दिसतोच. म्हणजे मी पाहिले ते काय, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. त्या कर्नलने नसलेले लिहिले आणि मी असलेले लिहिले नाही. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही नोंदी सारख्याच निरुपयोगी.

त्यानंतर बरेच काम झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी रानपिंगळ्याचा सविस्तर अभ्यास केला. मेळघाट हा त्याचा महत्त्वाचा आसरा असल्याचे समजले. मध्य प्रदेशातही तो आढळला. २०१४ मध्ये तर तो मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात दिसला. तिथे तो असेल अशी कुणाला कल्पनाही नव्हती. २०१८ मध्ये ‘अति संकटग्रस्त’ या यादीतून त्याला ‘संकटग्रस्त’ यादीत आणले गेले. तरी प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच मानली जाते. जुनी, ढोली असलेली झाडे तुटतात, जंगलाला वणवे लागतात, पोरे गलोल मारतात. शिवाय दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रासाठी घुबडांचा चोरटा व्यापार चालतो, तो वेगळाच. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला मान द्यायचा, त्याचाच लक्ष्मीसाठी बळी द्यायचा, हा कुठला न्याय?

पक्षी पाहण्याची आवड असणाऱ्यांना इथे करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला मोठी पदवी लागत नाही. ठिकाण, तारीख, वेळ, झाड कोणते, पक्षी काय करत होता, एवढे जागेवरच लिहावे. डोके आणि पाठ नीट पाहावी. दुरून एखादे छायाचित्र घ्यावे. ई-बर्डसारख्या ठिकाणी नोंद द्यावी, वन खात्याला कळवावे. साधारण ऑक्टोबर ते मे हा त्याचा विणीचा काळ. तेव्हा ढोलीपाशी गर्दी करू नये, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला छळू नये आणि घरट्याचा पत्ता गावभर करू नये. ज्याची खात्री नाही, तिथे सरळ प्रश्नचिन्ह टाकावे. प्रश्नचिन्हाने कुणाची फसगत होत नाही.

आमच्या दारची ती चिंच केव्हाच तोडली गेली. आजीही नाही. पण माझी नात आता माझ्याबरोबर पक्षी पाहायला येते. परवा शेताच्या बांधावर तिला घुबड दिसले. ती ओरडली नाही. दुर्बीण लावून बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, साधाच पिंगळा आहे. डोक्यावर ठिपके आहेत." आणि तिने ते वहीत लिहिले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)