परलोकाचा निकाल कोणी द्यायचा?

आमच्या पिंपळगाव रेणुकाईकडे, भोकरदन तालुक्यात, कोणी वारलं की लोक ‘मातीला’ जातात. देह जाळायचा असो की पुरायचा असो, शब्द एकच. मुसलमानाच्या मयतीला हिंदू शेजारी येतात आणि कबरीवर मूठभर माती टाकतात. इथवर सगळे बरोबर असतात. पुढचा प्रश्न मात्र अवघड असतो. गेलेल्या माणसाचं तिकडे काय झालं असेल?

महाराष्ट्रातल्या मुसलमानांपुढे हा प्रश्न १९७७ साली ठळकपणे उभा राहिला. ३ मे रोजी हमीद दलवाई मुंबईत वारले. वय अवघं ४४. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या या लेखकाने १९६६ साली तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला होता आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं होतं. आपलं दफन करू नये, धार्मिक विधी न करता दहन करावं, ही त्यांची इच्छा होती. तसंच झालं. पुढे १९८१ साली न्यायमूर्ती महंमद करीम छागला आणि १९९१ साली उर्दू लेखिका इस्मत चुगताई यांचंही त्यांच्या इच्छेनुसार मुंबईत दहन झालं.

अशा वेळी माणसं भराभर निकाल देऊन मोकळी होतात. रागावलेले म्हणतात, दोजखात गेला. प्रेम करणारे म्हणतात, इतका चांगला माणूस, तो जन्नतमध्येच असणार. पहिल्या वाक्यात दुखावलेली भावना असते, दुसऱ्यात हळवी झालेली. दोघांनाही वाटतं, आपण श्रद्धेने बोलतो आहोत.

श्रद्धेचं म्हणणं काय आहे, ते परंपरेतच पाहावं. बुखारींच्या हदीससंग्रहात दोन प्रसंग आहेत. मदिनेत उस्मान बिन मजऊन हे सच्चे अनुयायी वारले. ज्या घरी ते राहत होते तिथली बाई कळवळून म्हणाली, अल्लाहने तुमचा सन्मान केलाच आहे. पैगंबरांनी तिला अडवलं. तुला हे कसं कळलं, असं विचारून ते म्हणाले की, माझं काय होईल हे मलाही ठाऊक नाही. प्रेमापोटी दिलेला निकालसुद्धा त्यांनी मान्य केला नाही.

दुसरा प्रसंग जुन्या काळातल्या एका पापी माणसाचा. मरताना त्याने मुलांना सांगितलं, मला जाळा आणि राख वाऱ्यावर उधळून द्या. अल्लाहच्या हाती सापडू नये, एवढीच त्याची धडपड. अल्लाहने ती राख गोळा करून त्याला उभं केलं आणि असं का केलंस म्हणून विचारलं. तुझ्या भीतीने, असं तो म्हणाला. त्याला माफी मिळाली.

यावरून दहन चालतं, असं कोणी समजू नये. इस्लामचा नियम दफनाचाच आहे. तो लोकांना किती जिव्हाळ्याचा आहे, हे ३० मार्च २०२० रोजी दिसलं. कोरोनाने मेलेल्या सर्वांचं, धर्म न पाहता, दहन करावं असं परिपत्रक मुंबई महापालिकेने काढलं, आणि विरोध होताच काही तासांतच ते बदलावं लागलं. ती भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या माणसाला नीट निरोप देता यावा, एवढंच तिचं मागणं होतं. पण नियम पाळणं वेगळं आणि दुसऱ्याच्या आत्म्याचा निवाडा करणं वेगळं.

आपली भाषाही या बाबतीत उतावीळ आहे. माणूस गेला की आपण लगेच ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’ लिहितो. मुसलमान ‘जन्नतनशीन’ लिहितात. दुःखात हे शब्द आधार देतात, म्हणून ते लिहावेत. फक्त ती आपली आशा आहे, एवढं ध्यानात असावं. कारण याच सवयीची दुसरी बाजू म्हणजे नावडत्याला नरकात धाडणं. आणि त्याचे चटके जिवंत माणसांना बसतात. मयतीला कोण आलं, कोण आलं नाही, हे घरची माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

जनाजाची नमाज उभ्यानेच होते. तिच्यात रुकू नाही, सजदा नाही. मयतीसाठी माफी मागणारी दुआ हा तिचा गाभा. विशेष म्हणजे त्या दुआत जिवंतांसाठीही माफी मागितलेली असते. उद्या ज्यांना त्याच दारात उभं राहायचं आहे, त्यांनी मागावं एवढंच खरं.