दाबोळीचे सातशे मीटर

माळावरून विमान उडवावयाचे म्हणजे प्रथम जमिनीशीच झगडावे लागते. पंखांना भार पेलवेल इतका वेग येईपर्यंत चाकांना धावलेच पाहिजे. आणि गवत वाढलेले असेल, माती ओली असेल, तर ती चाकांना धरून ठेवते. वेग येण्यापूर्वी माळ संपला की अपघात ठरलेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांचे पस मॉथ हे चिमुकले टपालविमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस उतरले, तेव्हा तेथे मोकळे मैदानच काय ते होते. पावसाळ्यात ते जलमय होई आणि टपालाची विमाने पुण्याहून सोडावी लागत. जमिनीचा हा नियम मोठ्या विमानासही चुकत नाही. गोमंतकात त्याची कसोटी लागली ती १८ डिसेंबर १९६१ च्या रात्री, दाबोळीच्या सड्यावर.

भारत सरकारच्या निर्बंधांनी गोव्याची कोंडी झाल्यावर पोर्तुगीज सरकारने १९५५ साली येथे स्वतंत्र विमानसेवा उभी केली होती. दाबोळीची धावपट्टी हा तिचा प्राण. १८ तारखेच्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी त्या धावपट्टीवर ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकले. मागून दुसरा हल्ला झाला. बाजूस दोन प्रवासी विमाने उभी होती. ती धडधाकट हाती यावीत म्हणून त्यांना धक्का लावण्यात आला नाही. धावपट्टीच मोडल्यावर ती जातील कोठे, असा हिशेब असावा. आणि तो वावगा होता असे म्हणवत नाही.

त्याच दिवशी उत्तरेकडे काय चालले होते? पेडणे आणि डिचोली हे महाल नव्या काबिजादींतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेलेले. ज्या नार्वे गावी शिवछत्रपतींनी १६६८ साली श्रीसप्तकोटीश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला, तो गाव याच डिचोलीतला. जेथे ती सत्ता उशिरा आली, तेथूनच तिचा पाय निघू लागला. भारतीय सैन्य सरहद्द ओलांडू लागताच माघार घेणाऱ्या पोर्तुगीज तुकड्यांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथील पूल सुरुंगांनी उडविले. सैन्य तेवढ्याने थांबले नाही. सायंकाळी ते मांडवीच्या काठी बेतीस येऊन ठेपले. खोळंबा झाला तो गावकऱ्यांचा.

उत्तरेत पूल मोडण्याची घाई आणि दक्षिणेत मोडलेली धावपट्टी सांधण्याची घाई, असे त्या एका दिवसाचे विचित्र चित्र आहे. रात्र पडताच दाबोळीस कामगारांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने वापरण्याजोगा केला. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष अर्ध्याहून पुढे सरकला होता. रात्र अवसेसारखी काळी नव्हती. कॉन्स्टेलेशन जातीच्या चार इंजिनांच्या विमानातून जादा खुर्च्या आणि अनावश्यक सामान बाहेर फेकण्यात आले. काही अधिकाऱ्यांची कुटुंबे आत बसली. वैमानिक मानुएल कोर्रेया रैश यांनी अवघ्या ७०० मीटरच्या धावेत ते विमान उचलले. धावताना उडालेल्या दगडमातीने विमानाच्या अंगास २५ भोके पडली आणि एक टायर बसला. चाक आणखी थोडे अडखळते, तर काय झाले असते याची कल्पनाही नकोशी वाटते. आत बायका-मुले होती, आणि राज्यकर्त्यांची झाली म्हणून मुले ती मुलेच. पाठोपाठ मेजर सोलानु द आल्मैदा यांनी डीसी-४ हे दुसरे विमान उडविले. दोन्ही विमाने अत्यंत खालून, भारतीय गस्त चुकवीत, कराचीस पोहोचली.

पोर्तुगीज वृत्तान्तांत हे उड्डाण पराक्रम म्हणून सांगितले जाते. वैमानिकांचे कौशल्य आम्ही नाकारीत नाही. परंतु ते सातशे मीटर प्रथम जमिनीवर तयार व्हावे लागले, आणि ते ज्यांच्या हातांनी झाले त्यांची बोळवण ‘कामगार’ या एका शब्दात होते. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम सालाझार यांनी चारच दिवसांपूर्वी धाडला होता. गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी तो अखेर पाळला नाही, आणि १९ डिसेंबरच्या रात्री शरणागती पत्करली. त्यापायी त्यांना पुढे स्वदेशी लष्करातून बडतर्फीची शिक्षा भोगावी लागली. गोमंतकाची मात्र मोठी हानी टळली.

दाबोळीचा तळ पुढे भारतीय नौदलाकडे आला. पेडण्यातील मोपाच्या सड्यावरूनही ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली. तेथील धावपट्टी ३,५०० मीटरांची आहे, म्हणजे त्या रात्रीच्या धावेच्या पाचपट.